रिफ्रेश दाबून सिनेमा बदलत नाही

घरच्या मीडिया सर्व्हरबद्दल, म्हणजे आपल्या डिस्कवरचे सिनेमे पोस्टर-माहितीसकट मांडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, जी तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते, ती शब्दशः अशी असते: ‘श्यामची आई’ टाकला, जुना, अत्र्यांचा. पोस्टर मात्र नव्याचं दिसतंय. रिफ्रेश मेटाडेटा केलं, परत केलं, सर्व्हर बंद करून चालू केला, तरी तेच. मग कोणीतरी हमखास सल्ला देतं की अख्खी लायब्ररी उडव आणि पुन्हा स्कॅन कर. बिचारा उडवतो. रात्रभर स्कॅन चालतं आणि सकाळी तेच पोस्टर.

विचारणारा आणि सल्ला देणारा, दोघंही ‘ओळख’ आणि ‘माहिती’ यांत गल्लत करतायत. प्लेक्स असो, जेलिफिन असो, सर्व्हर कोणताही असो, घोळ हाच.

माहिती म्हणजे मेटाडेटा. त्यावर फार बोलायची गरज नाही, सगळ्यांना ठाऊक आहे: नाव, पोस्टर, कथासार, दिग्दर्शक, कलाकार, वर्ष, प्रकार. पडद्यावर जे दिसतं ते सगळं.

ओळख पडद्यावर दिसत नाही, म्हणूनच ती लक्षात येत नाही. सर्व्हर तुमची फाइल उघडून सिनेमा बघत नाही. तो फोल्डरचं आणि फाइलचं नाव वाचतो, त्यातून शीर्षक आणि वर्ष वेगळं काढतो, ते टीएमडीबीसारख्या, सिनेमांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये शोधतो आणि जी नोंद सर्वांत जवळची वाटेल तिचा क्रमांक स्वतःकडे लिहून ठेवतो. ओळख म्हणजे तो क्रमांक. तो एकदा लागला की पुढचं सगळं त्या क्रमांकावरून येतं. तुमच्या फाइलमध्ये खरोखर काय आहे, हे त्यानंतर कोणी विचारत नाही.

आता रिफ्रेश मेटाडेटा काय करतं? त्याच क्रमांकाची माहिती परत मागवतं. गट नंबर चुकीचा सांगून तलाठ्याकडून सातबारा काढला, तर दर वेळी ताजा, सही-शिक्क्याचा उतारा मिळेल, पण शेजाऱ्याच्या शेताचा. ‘सगळा मेटाडेटा बदला’ हा पर्याय निवडलात तरी क्रमांक तोच राहतो. १९५३च्या फाइलवर २०२३च्या सिनेमाचा क्रमांक चिकटला असेल, तर रिफ्रेश तुम्हाला २०२३चीच माहिती इमानेइतबारे आणून देणार. ते बटण बिघडलेलं नाही, तुम्ही चुकीचं बटण दाबताय.

ओळख बदलायची बटणं वेगळी आहेत. प्लेक्समध्ये ‘फिक्स मॅच’, जेलिफिनमध्ये ‘आयडेंटिफाय’. तिथे नाव आणि वर्ष टाकून, किंवा सरळ क्रमांक टाकून, योग्य नोंद निवडायची. पोस्टर, कलाकार, कथासार आपोआप मागून येतं. कोडी हा दुसरा मीडिया प्रोग्रॅम वापरून इकडे आलेल्यांचा गोंधळ मी समजू शकतो, कारण तिथे रिफ्रेश केल्यावर नव्याने शोधही घेतला जातो. बाकीच्यांना ही सवलत नाही.

मग समोरची चूक ओळखीची की माहितीची, हे कसं ठरवायचं? पोस्टरकडे बघू नका. पोस्टर हा सर्वांत फसवा पुरावा आहे. बघायचं ते हे की चूक एकटी आहे की एकजात आहे. दिग्दर्शक बरोबर, कलाकार बरोबर, फक्त पोस्टर दुसरंच किंवा कथासार रिकामं, तर ती माहितीची चूक. पोस्टर, दिग्दर्शक, वर्ष, कलाकार सगळंच चुकलंय, पण एकमेकांशी मात्र छान जुळतंय, तर ती ओळखीची चूक. आणखी एक: पडद्यावरची लांबी, म्हणजे किती मिनिटांचा सिनेमा, ती सहसा तुमच्या फाइलवरून घेतलेली असते, डेटाबेसवरून नाही. त्यामुळे ओळख साफ चुकलेली असली तरी लांबी बरोबरच दिसणार. ‘मिनिटं तर जुळतायत’ म्हणून निश्चिंत होऊ नका. उलट ती मिनिटं टीएमडीबीच्या पानावरच्या लांबीशी ताडून बघा. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला की संशय घ्या.

‘श्यामची आई’चं प्रकरण तरी सोपं आहे. दोन सिनेमांत सत्तर वर्षांचं अंतर आहे, एका नजरेत कळतं. हिंदीतही तसंच, ‘डॉन’ १९७८ आणि २००६, ‘अग्निपथ’ १९९० आणि २०१२. खरी कसोटी लागते ती आपल्या जुन्या द्वैभाषिक सिनेमांत, आणि या बाबतीत मराठी संग्राहकांइतकी डोकेदुखी फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला आणि त्याचाच हिंदी अवतार ‘दुनिया ना माने’. दिग्दर्शक दोन्हीकडे व्ही. शांताराम, नायिका दोन्हीकडे शांता आपटे, वर्ष एकच. तसंच ‘माणूस’ आणि ‘आदमी’, १९३९. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’, १९४१. अलीकडे यायचं तर जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आणि ‘सुबह’, स्मिता पाटील दोन्हीत.

इथे ओळख चुकली तर एकजात चुकीची वरची कसोटी लंगडी पडते, कारण चुकीच्या नोंदीतलंही बरंचसं बरोबर असतं. तुम्ही ‘कुंकू’ टाकलात आणि सर्व्हरने त्यावर ‘दुनिया ना माने’चा क्रमांक चिकटवला, तर दिग्दर्शक शांतारामच दिसणार, वर्ष १९३७च दिसणार, शांता आपटेही दिसणार. तुम्हाला वाटणार, चला, फक्त नाव आणि पोस्टर तेवढं हिंदीतलं आलंय, ते हाताने बदलू. आणि इथेच लोक हमखास फसतात. ‘एडिट’मध्ये जाऊन नाव बदलतात, पोस्टर कुठूनतरी शोधून चढवतात, कथासार मराठीत टंकतात. दिसायला सगळं झकास. पण आतला क्रमांक हिंदी सिनेमाचाच आहे. पुढच्या महिन्यात सबटायटल मागवली की ती हिंदी सिनेमाच्या संवादांची येतात, कारण सबटायटल आणणारी प्लगइन बरेचदा आयएमडीबी या दुसऱ्या डेटाबेसच्या क्रमांकावरून शोधतात. मग नवी तक्रार सुरू होते की सबटायटल मागे-पुढे होतायत, आणि माणूस वेळ सरकवत बसतो. वेळेचा काही दोष नाही. ती सबटायटल या सिनेमाची नाहीतच.

म्हणून अशा जोड्यांमध्ये अंदाज करायचा नाही, क्रमांक बघायचा. जेलिफिनमध्ये ‘एडिट मेटाडेटा’ उघडलं की आयएमडीबी आणि टीएमडीबीचे क्रमांक वेगळ्या रकान्यांत दिसतात. प्लेक्समध्ये जरा वाकडी वाट आहे: ‘गेट इन्फो’ आणि तिथून ‘व्ह्यू एक्सएमएल’. तो क्रमांक डेटाबेसच्या संकेतस्थळावर टाकून बघा, कोणत्या सिनेमाचं पान उघडतंय. पानावर मूळ भाषा लिहिलेली असते, तीच निर्णायक. दोन भाषांच्या दोन स्वतंत्र नोंदी असतील तर योग्य ती निवडा. एकच नोंद असेल, आणि जुन्या सिनेमांच्या बाबतीत तसंही असू शकतं, तर तिथे ओळख चुकलेलीच नाही. मग खुशाल हाताने नाव बदला आणि तो रकाना कुलूपबंद करा.

आता खऱ्याखुऱ्या माहितीच्या चुका. त्या थोड्या असतात आणि बहुतेक निरुपद्रवी. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे नाव देवनागरीऐवजी रोमन लिपीत दिसतंय? लायब्ररीची भाषा इंग्रजी आहे, पर्याय असेल तर मराठी करा. मराठी करूनही इंग्रजीच दिसतंय? टीएमडीबीवर कोणी मराठी मजकूर भरलेला नाही. तो डेटाबेस लोकांनीच भरलेला आहे, खातं काढून तुम्हीही भरू शकता, आणि माझ्या मते भरायलाच हवा. आपल्या एकट्याच्या सर्व्हरवर चाळीस सिनेमांची कथासारं टंकण्यापेक्षा तिथे टाकलेली चार सगळ्यांच्या कामी येतात. पोस्टर आवडत नाही? दुसरं निवडा. याला समस्या म्हणू नका.

ओळख दुरुस्त केली, तरी जुनंच काहीतरी परत उगवतं, अशीही एक तक्रार असते, आणि ती खरी असते. तिची कारणं दोन. पहिलं कुलूप. प्लेक्समध्ये एखादा रकाना हाताने बदललात की तो आपोआप कुलूपबंद होतो, शेजारी छोटं कुलूप दिसतं. रिफ्रेश त्या रकान्याला हात लावत नाही. कुलूप काढा, मग रिफ्रेश करा. (ओळख बरोबर असताना रिफ्रेशचा उपयोग हाच.)

दुसरं कारण जास्त कावेबाज आहे: एनएफओ फाइल. ही सिनेमाच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये बसलेली साध्या मजकुराची फाइल, तिच्यात सिनेमाची माहिती आणि क्रमांक लिहिलेला असतो. मूळची कोडीच्या दुनियेतली, पण जेलिफिनही ती वाचतं आणि सांगितलं तर लिहितंही. समजा ओळख चुकली असतानाच ती लिहिली गेली. मग तो चुकीचा क्रमांक तुमच्या डिस्कवर कोरला गेला. तुम्ही फोल्डरचं नाव बदला, वर्ष घाला, लायब्ररी उडवा, परत स्कॅन करा, जेलिफिन आधी शेजारची एनएफओ उघडतं आणि तोच क्रमांक उचलतं. लायब्ररी उडवूनही काही बदललं नाही म्हणणाऱ्यांनी आधी फोल्डरमध्ये डोकावावं. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. क्रमांक चुकीचा असेल तर ती पुसून टाका आणि मग आयडेंटिफाय करा. हा क्रम उलटा करू नका.

मुळात ही वेळ येऊ नये यासाठी नाव नीट द्या. यावर मी अजिबात तडजोड करत नाही. प्रत्येक सिनेमाला स्वतःचा फोल्डर, फोल्डरचं नाव म्हणजे शीर्षक आणि कंसात वर्ष. वर्ष इंग्रजी आकड्यांत, मी इथे लिहितोय तसं देवनागरीत नको. रिझोल्यूशन, कोडेक, फाइल पसरवणाऱ्या टोळीचं नाव, ही शेपटं छाटा. आणि ज्या सिनेमाला जुळा भाऊ आहे त्याच्या फोल्डरच्या नावातच टीएमडीबीचा क्रमांक घाला. प्लेक्सला तो महिरपी कंसात लागतो, जेलिफिनला चौकोनी कंसात. नावातच क्रमांक असला की सर्व्हरला अंदाज बांधायची वेळ येत नाही.

वर्षाची एक गंमत सांगायला हवी, कारण ती मराठी सिनेमांत वारंवार नडते. डेटाबेसमधलं वर्ष बहुधा पहिल्या प्रदर्शनाचं असतं, आणि ते महोत्सवातलंही असू शकतं. ‘फँड्री’ आपण थिएटरात फेब्रुवारी २०१४मध्ये पाहिला, पण त्याचं वर्ष २०१३ धरलं जातं. ‘कोर्ट’ व्हेनिसला २०१४मध्ये दाखवला गेला, इथे लागला २०१५मध्ये. आठवणीतलं वर्ष टाकू नका, डेटाबेसमधलं बघून टाका. ‘कोर्ट’सारखं एका शब्दाचं नाव असेल तर वर्षाचा एवढा फरकही शोध भलतीकडे न्यायला पुरतो.

राहता राहिला क्रम. सिनेमा यादीत भलत्या जागी दिसतो, याचा ओळखीशी काही संबंध नाही, तरी लोक त्यासाठीही फिक्स मॅच करत बसतात. दिसणारं नाव वेगळं आणि लावायचं नाव, म्हणजे सॉर्ट टायटल, वेगळं. मालिकेतले भाग क्रमाने हवेत तर सॉर्ट टायटलमध्ये मालिकेचं नाव आणि आकडा घाला, झालं. ‘नुकतेच आलेले’मध्ये जुने सिनेमे वर येत असतील तर ‘केव्हा जोडलं’ ही तारीख फाइलवरून घ्यायची की स्कॅनवरून, ती सेटिंग बघा.

देवनागरी आणि रोमन नावं एकाच लायब्ररीत असली की देवनागरी सगळी तळाशी जाऊन बसतात. त्यावर प्रत्येक मराठी सिनेमाला रोमन सॉर्ट टायटल देणारे लोक आहेत. माझ्याने ते होत नाही. मराठी सिनेमांची लायब्ररीच वेगळी काढा, तिचा फोल्डर वेगळा ठेवा आणि तिची भाषा मराठी ठेवा. भाषेची सेटिंग लायब्ररीगणिक असते, त्यामुळे बाकीच्या सिनेमांना धक्का लागत नाही.