खुडूक होणारी कोंबडीच परसात हवी

परसात पाच-सहा कोंबड्या पाळायच्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वर्षाला अंडी किती घालते? मी त्याआधी दुसरंच विचारते. ती खुडूक होते का, म्हणजे अंडी उबवायला बसते का?

पिंजऱ्यातली व्हाइट लेगहॉर्न वर्षाला 300च्या आसपास अंडी घालते आणि गावरान कोंबडी 60 ते 80. हा फरक नुसत्या खुराकाचा नाही. गावरान कोंबडी पंधरा-वीस अंडी घालते आणि थांबते. मग 21 दिवस रवणावर, म्हणजे उबवायच्या अंड्यांवर, बसते, त्यानंतर दीड-दोन महिने पिल्लं घेऊन उकिरडे उकरत फिरते. वर्षात अशा तीन-चार फेऱ्या होतात. तिची कमी अंडी मोजताना हे सगळे दिवस आपण धरतच नाही. अंडी घालणं, उबवणं आणि पिल्लं वाढवणं ही तिन्ही कामं ती वीज न वापरता करते.

खुडूक होणं हा तिचा हट्ट नव्हे, तो संप्रेरकांचा खेळ आहे. खुराड्यात अंडी साठत गेली की त्यांचा स्पर्श पोटाच्या कातडीला होत राहतो. तो निरोप मेंदूत पोचतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त स्रवू लागतं. त्याने अंडाशय आक्रसतं, अंडी बंद होतात. पोटाची पिसं झडतात, तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि उघडी, गरम कातडी थेट अंड्याला टेकते. कोंबडी पिसं फुलवून बसते, जवळ गेलं की गुरगुरते, दिवसातून एकदाच दाणापाण्याला उठते. खुडूक मोडायला तिला गार पाण्यात बुडवायची जुनी रीत आहे. पोट थंड करायचं, हा त्यातला विचार बरोबरच आहे. पण जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात, खाली गवत न घालता, तीन-चार दिवस ठेवलं तरी तेच साधतं आणि जिवाला त्रास कमी होतो.

यंत्रावर अंडी उबवायला लागल्यापासून कोंबडीचं हे बसणं व्यापाराच्या दृष्टीने तोट्याचं ठरलं. न बसणाऱ्या कोंबड्यांची पैदास पिढ्यानपिढ्या निवडत गेल्याने लेगहॉर्नमधून ती वृत्ती जवळपास पुसली गेली. हैदराबादची वनराजा, बंगळुरूची गिरिराजा हे परसासाठीच तयार केलेले सुधारित पक्षी. वजन चांगलं, अंडी गावरानपेक्षा जास्त. पण त्या सहसा बसत नाहीत, आणि संकरातून आल्यामुळे त्यांच्या पिल्लांत आईबापांचे गुण तसेच उतरत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणणं आलं. अंड्यांसाठीच पाळायच्या असतील तर त्या जरूर घ्या. कळप स्वतःच्या बळावर चालावा असं वाटत असेल, तर देशी कोंबडीच हवी.

देशीतही सगळ्या सारख्या नाहीत. उंच, ताठ मानेची, झुंजीसाठी जोपासलेली असील अंडी मोजकीच घालते, पण बसायला आणि पिल्लं राखायला फार चांगली. तिचे नर मात्र एकमेकांना रक्तबंबाळ करतात, त्यामुळे लहान परसात एकच ठेवावा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या भिल्ल-भिलाला पाड्यांवरचा काळा कडकनाथ सगळ्यांना हवा असतो. 2018 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचा काळेपणा पिसांपुरता नाही, कातडी, हाडांवरचं आवरण, आतले अवयव सगळं काळसर असतं. गुणसूत्राच्या एका तुकड्याची जादा प्रत तयार झाली, रंगपेशींना वाढायला सांगणारं जनुक दुप्पट झालं आणि गर्भातच त्या पेशी शरीरभर पसरल्या. चीनच्या सिल्की कोंबडीतही हाच बदल आहे. गंमत अशी की सिल्की पक्की खुडूक होणारी, आणि कडकनाथच्या कोंबड्या क्वचितच बसतात. त्यामुळे कडकनाथ पाळायचा तर सोबत एखादी गावरान किंवा असील मादी हवीच. तिच्याखाली कडकनाथची अंडी घालायची.

रवण फसते ती बहुतेक वेळा बसण्याआधीच. अंडं बाहेर येतं तेव्हा गर्भाची वाढ आत सुरू होऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. साधारण 20 ते 21 अंश सेल्सिअसखाली ती वाढ थांबून राहते, म्हणूनच दहा दिवसांत घातलेली अंडी एकाच दिवशी फुटतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमानच पस्तिशीला जातं. मग गर्भ अर्धवट वाढतो आणि मरतो. अशा दिवसांत अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवावीत, तीन-चार दिवसांपेक्षा जुनी घेऊ नयेत. थंडीत आठवडाभर चालतात. निमुळतं टोक खाली. धुवायची तर मुळीच नाहीत. कवचावरचा पातळ थर जंतूंना अडवतो, तो पाण्याने जातो.

कोंबडीच्या पंखांत मावतील इतकीच, दहा-बारा अंडी घालावीत. सातव्या-आठव्या रात्री अंधारात अंडं टॉर्चसमोर धरलं की गर्भापासून फुटलेल्या लाल रेषांचं जाळं दिसतं. ज्यात काहीच दिसत नाही ते पोचं, काढून टाकावं. बाकी सगळं कोंबडी करते. ती चोचीने अंडी दिवसभर फिरवते, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. विसाव्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि ती खालच्या आवाजात उत्तर देते. हे ऐकायला मी दरवेळी खुराड्याशी जाऊन बसते.

पिल्लं निघाली की दिव्याची ऊब लागत नाही, आई असते. ज्वारी-तांदळाची कणी, उथळ भांड्यात पाणी, मडक्यात शेण आणि गोणपाट भरून रात्री उपडं ठेवलं तर सकाळी पिल्लांना खायला वाळवी. घारीपासून वाचवायला पहिले पंधरा दिवस डाल्याखाली किंवा जाळीत.

पण देशी कोंबडीला रोग होत नाहीत, हा समज खोटा आहे आणि दर उन्हाळ्यात कितीतरी खुराडी त्यापायी रिकामी होतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावरानलाही तितकीच मारते. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस टोचून. देवीची लस वेगळी. पशुवैद्यकीय दवाखान्यात लशीची कुपी बहुधा 100 पिल्लांची मिळते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आम्ही आळीतली पाच घरं एकाच दिवशी पिल्लं गोळा करतो. त्याच दिवशी नरांची अदलाबदलही उरकते, कारण घरचाच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला तर बहीण-भावांची पैदास होऊन अंडी फुटेनाशी होतात. यंदा आमच्याकडे पलीकडच्या घरचा तांबडा तुर्रेबाज आला आहे, आणि आमची गावरान सहा काळी पिल्लं घेऊन त्याच्यापासून चार हात लांब चरते आहे.