एटीएमचा पिन उलटा टाकला की पोलीस येतात? नाही येत!

चोराने एटीएमवर धमकावलं तर पिन उलटा टाका, पैसे अडकतात आणि पोलिसांना कळतं, हा मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय आणि मुंबई-पुण्याला निघालेल्या पोरांना घरचे तो हमखास फॉरवर्ड करतात. पण अशी सोय कुठल्याच बँकेत नाहीये. अमेरिकेत १९९८ मध्ये एकाने या आयडियाचं पेटंट घेतलं होतं, बँकांनी ती घेतलीच नाही. आणि २३३२ किंवा ७७७७ असा पिन असला तर उलटा काय टाकणार, सांगा! मशीन फक्त चुकीचा पिन म्हणणार, आणि शेजारी चाकू घेऊन उभा असलेला माणूस जास्तच भडकणार. त्यापेक्षा मागेल ते देऊन टाका, तिथून सटका, मग ११२ लावा आणि कार्ड ब्लॉक करा.