‘बरी आहे’ म्हणजे नेमकी किती बरी?

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास, म्हणजे आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या निमित्ताने, एक बातमी ठरल्याप्रमाणे येते. २०२५ मधील जागतिक आनंद अहवालात १४७ देशांत भारताचा क्रमांक ११८ वा, पाकिस्तानचा १०९ वा आणि नेपाळचा ९२ वा लागला. फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला आला. बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एका तटाला त्यात देशाच्या अधोगतीचा पुरावा दिसतो, तर दुसऱ्याला परदेशी संस्थांचे कारस्थान. क्रमांक वर सरकला की हे तट आपापल्या जागांची अदलाबदल करतात, हा भाग निराळा.

दोन्ही तटांतील बहुतेकांचा समज असा असतो की उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरेंची बेरीज-वजाबाकी करून हा क्रमांक काढला जातो. तसे मुळीच नाही. क्रमांक ठरतो तो एकाच प्रश्नाला लोकांनी दिलेल्या उत्तरांच्या तीन वर्षांच्या सरासरीवरून. उत्पन्न, आयुर्मान इत्यादी घटक नंतर आणले जातात आणि तेही देशादेशांतील फरकांचे स्पष्टीकरण देण्यापुरते. प्रश्न असा: एक शिडी डोळ्यांपुढे आणा. तिच्या तळाशी शून्य आणि माथ्यावर दहा. माथा म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेले सर्वोत्तम आयुष्य, तळ म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅंट्रिल यांची ही कल्पना. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बहुदेशीय अभ्यासात भारतातील लोकांनाही हीच शिडी दाखवण्यात आली होती.

‘लोकांना काय कळते’ हा या प्रश्नावरचा खरा आक्षेप नव्हे. स्वतःच्या आयुष्याबद्दल लोकांना पुष्कळ कळते. आक्षेप असायचा तर तो शिडीविषयी: हेलसिंकीतल्या माणसाची सातवी पायरी आणि सोलापुरातल्या माणसाची सातवी पायरी जमिनीपासून सारख्याच उंचीवर आहेत, हे कोणी तपासले? अनेक देशांतील समाजशास्त्रज्ञ एकत्र येऊन दारिद्र्य, वार्धक्य, स्थलांतर किंवा राजकीय अविश्वास यांसारख्या प्रश्नांचा अभ्यास करतात, तेव्हा बाहेरून परिषदा आणि करारमदार दिसतात. त्या सहकार्यातले सर्वांत अवघड काम मात्र हेच असते: एका प्रश्नाचा अर्थ सगळीकडे एकच राहील, निदान तो किती बदलला हे कळेल, अशी तजवीज करणे.

ही अडचण किती खोल आहे याचे नामांकित उदाहरण आपल्याच देशातले आहे. २००२ मध्ये अमर्त्य सेन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका छोट्या लेखात केरळ, बिहार आणि अमेरिका यांची तुलना मांडली. आयुर्मानाच्या बाबतीत केरळ देशात अग्रेसर, बिहार बराच मागे. पण ‘तुम्ही आजारी आहात का’ असे विचारले की चित्र नेमके उलटते. आजारपण सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळात फार मोठे आणि बिहारमध्ये अगदी कमी. अमेरिकेत तर ते केरळहूनही जास्त. लोकांच्या उत्तरांवर जसाच्या तसा विश्वास ठेवायचा तर दवाखाने बिहारमधून उचलून अमेरिकेत न्यावे लागतील. उलगडा सोपा आहे. जिथे शाळा आणि डॉक्टर यांच्याशी रोजचा संबंध असतो, तिथे माणूस दुखण्याला दुखणे म्हणून ओळखतो. जिथे तो नसतो, तिथे पन्नाशीतली सांधेदुखी ‘वयाचा भाग’ ठरते आणि मोजणीतून निसटते.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. ‘तब्येत कशी आहे’ याला ‘उत्तम’ असे उत्तर द्यायला अनेक घरांत जीभ धजावत नाही, कारण तसे बोलले तर दृष्ट लागते म्हणे! दृष्ट लागल्याने आजतागायत कोणाचाही रक्तदाब वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. परंतु ती लागेल या धास्तीने माणूस प्रश्नावलीत एक पायरी खाली उतरत असेल, तर या अंधश्रद्धेचा परिणाम थेट आकडेवारीत होतो, ही गंमत नाकारता येत नाही.

शब्दांचा घोळ वेगळाच. अमेरिकी पाहण्यांत प्रकृतीचे जे पाच दर्जे वापरतात, त्यांत वरचे तीन चांगले असतात, चौथा ‘फेअर’ आणि पाचवा वाईट. स्पॅनिश भाषेत या ‘फेअर’चा अनुवाद बहुधा ‘रेग्युलार’ असा होतो आणि त्याचा अर्थ ‘नेहमीसारखी, ठीकठाक’ असाही निघतो. परिणामी स्पॅनिशमधून मुलाखत देणारे लोक स्वतःची प्रकृती वास्तवापेक्षा वाईट सांगत असल्याचे भासते. मराठीत तिथे ‘बरी’ लिहिले तर काय होईल? आपले ‘बरे’ तापातून उठलेल्यालाही लागू पडते आणि खणखणीत माणसालाही. किंवा ‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो का’ हा जागतिक मूल्य सर्वेक्षणातला गाजलेला प्रश्न घ्या. ‘लोक काय म्हणतील’ असे म्हणताना मराठी माणसाच्या मनातले ‘लोक’ बहुधा भाऊबंद आणि शेजारी असतात. रेल्वेच्या डब्यात भेटलेला अनोळखी प्रवासी नव्हे. डेल्हे, न्यूटन आणि वेल्झेल यांनी २०११ मध्ये ५१ देशांच्या माहितीवरून दाखवले की ‘बहुतेक लोक’ या शब्दांचा घेर देशागणिक बदलतो आणि तो लक्षात घेतला की इतरांवर विश्वास ठेवणाऱ्या देशांची क्रमवारीही बदलते.

अनुवादाच्या अडचणीवर उपाय आहेत आणि ते कष्टाचे आहेत. २००२ पासून चालू असलेल्या युरोपीय सामाजिक सर्वेक्षणात प्रत्येक भाषेसाठी दोन अनुवादक स्वतंत्रपणे मसुदे करतात, मग तज्ज्ञांसह बसून शब्द-शब्द घासला जातो, अंतिम निर्णय एक व्यक्ती देते, थोड्या लोकांवर चाचणी होते आणि प्रत्येक निवडीची कारणे नोंदवून ठेवली जातात. हे सारे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. शब्द बिनचूक उतरला तरी माणसाच्या मनातली फूटपट्टी वेगळी असू शकते.

इथे ती युक्ती येते, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला. इंग्रजीत तिला ‘अँकरिंग व्हिन्येट’ म्हणतात. आपण ‘आधारप्रसंग’ म्हणू. गॅरी किंग, ख्रिस्तोफर मरे, जोशुआ सॅलोमन आणि अजय टंडन यांनी २००४ मध्ये ती सविस्तर मांडली. माणसाची फूटपट्टी आपल्याला दिसत नसेल, तर त्याच फूटपट्टीने त्याला आपल्या माहितीची एखादी वस्तू मोजायला सांगावी; वस्तूची लांबी सगळीकडे सारखी असल्याने उत्तरांतला फरक हा फूटपट्ट्यांमधलाच फरक असणार.

ही वस्तू म्हणजे एखाद्या काल्पनिक पात्राचा छोटा प्रसंग. उदाहरणासाठी मी अशी तीन पात्रे रचतो. शांताबाई रोज दोन किलोमीटर चालतात, पण जिना चढताना मध्ये एकदा थांबतात. गणपतराव गल्लीच्या टोकापर्यंत गेले की गुडघे दुखू लागतात आणि त्यांना बसावे लागते. यमुनाबाईंना अंथरुणातून उठायलाही दुसऱ्याचा हात लागतो. आता उत्तर देणाऱ्याला आधी विचारायचे की तुम्हाला चालण्या-फिरण्यात किती त्रास होतो: अजिबात नाही, किंचित, मध्यम, बराच की अतिशय? मग तोच प्रश्न या तिघांविषयी विचारायचा.

समजा, पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिका स्वतःला ‘मध्यम’ त्रास असल्याचे सांगतात आणि एक शेतमजूर ‘किंचित’ म्हणतो. पाहणी इथेच थांबली तर शेतमजूर अधिक धडधाकट ठरेल. पण शिक्षिकेने शांताबाईंच्या त्रासालाही ‘मध्यम’ म्हटले, गणपतरावांच्या ‘बराच’ आणि यमुनाबाईंच्या ‘अतिशय’. शेतमजुराच्या मते शांताबाईंना त्रास ‘अजिबात नाही’, गणपतरावांना ‘किंचित’ आणि यमुनाबाईंना ‘बराच’. म्हणजे शिक्षिका शांताबाईंच्या बरोबरीच्या आणि शेतमजूर गणपतरावांच्या. निकाल उलटला. सेन यांच्या केरळ-बिहार कोड्याची ही छोटी आवृत्तीच झाली.

तीन प्रसंगांमुळे सात स्थाने तयार होतात: शांताबाईंपेक्षा बरे, त्यांच्याइतके, त्या आणि गणपतराव यांच्या मधले, असे करत करत यमुनाबाईंपेक्षाही वाईट. सर्वसाधारण सूत्र म्हणजे प्रसंगांच्या संख्येची दुप्पट अधिक एक. प्रत्येक उत्तर या नव्या, सर्वांना समान असलेल्या मापावर बसवायचे. अडचण तेव्हा येते जेव्हा कोणी दोन पात्रांना एकच दर्जा देतो किंवा त्यांचा क्रमच उलटवतो. एखाद्याने स्वतःला, शांताबाईंना आणि गणपतरावांना, तिघांनाही ‘किंचित’ म्हटले, तर तो दुसऱ्यापासून चौथ्या स्थानापर्यंत कुठेही असू शकतो. अशा वेळी संख्याशास्त्राची मदत घ्यावी लागते. मनात त्रासाची एक अखंड रेषा आहे आणि तिच्यावर चार उंबरठे आहेत, असे मानायचे. पहिला उंबरठा ओलांडला की ‘अजिबात नाही’चे ‘किंचित’ होते, दुसरा ओलांडला की ‘मध्यम’. नेहमीच्या पद्धतीत हे उंबरठे सर्वांसाठी एकाच जागी धरलेले असतात; इथे ते वय, शिक्षण आणि देश यांनुसार सरकू दिले जातात. ते किती सरकले याचा अंदाज केवळ पात्रांविषयीच्या उत्तरांवरून बांधतात, कारण पात्रे स्थिर असतात. मग तेच सरकलेले उंबरठे माणसाच्या स्वतःविषयीच्या उत्तराला लावून त्याची रेषेवरची खरी जागा काढतात. हा परिच्छेद पुन्हा वाचावा लागला तर संकोच वाटू देऊ नये; तो लिहितानाही दोनदा खोडावा लागला.

या युक्तीचा एक गाजलेला प्रयोग राजकारणावर झाला. सरकारी निर्णयांत तुमचे किती चालते, असे चीन आणि मेक्सिकोतील नागरिकांना विचारले, तेव्हा चिनी नागरिकांनी स्वतःला मेक्सिकोच्या नागरिकांपेक्षा अधिक प्रभावी मानले. मेक्सिकोत २००० मध्ये मतदारांनी सात दशके सत्तेवर असलेल्या पक्षाच्या उमेदवाराला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरवले होते, हे ध्यानात घेता तो निष्कर्ष विचित्रच होता. प्रसंगांत एक पात्र असे होते की अन्याय मुकाट्याने सोसण्यापलीकडे त्याच्या हाती काहीच नव्हते. सुमारे ४० टक्के चिनी उत्तरदात्यांनी स्वतःचा प्रभाव त्या पात्रापेक्षाही कमी ठरवला आणि दुरुस्तीनंतर दोन्ही देशांचा क्रम उलटला. पुढे काप्टाइन, स्मिथ आणि व्हान सूस्ट यांनी २००७ मध्ये दाखवले की अमेरिकेपेक्षा नेदरलंड्समध्ये काम करण्यास असमर्थ असल्याचे सांगणारे जास्त असतात, त्यातला निम्म्याहून अधिक फरक केवळ फूटपट्टीचा आहे. असमर्थतेच्या निवृत्तिवेतनाचा खर्च मोजणाऱ्या सरकारांसाठी ही काही किरकोळ बाब नव्हे.

महाराष्ट्राचा या कथेशी थेट संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ ते २०१० या काळात चीन, घाना, भारत, मेक्सिको, रशिया आणि दक्षिण आफ्रिका येथे वार्धक्य व प्रौढांच्या आरोग्याचा जो संयुक्त अभ्यास केला, त्यात आधारप्रसंग होते. भारतातील काम मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होते आणि निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. हीच संस्था पुढे हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांसह भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासात उतरली. २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांच्या मुलाखती झाल्या. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या अशाच अभ्यासाच्या इंग्लंड, युरोप, चीन येथील भावंडांशी तो जुळवून घेतलेला आहे. शिवाय त्यात केवळ शब्दांवर न विसंबता रक्तदाब आणि हाताच्या पकडीची ताकद प्रत्यक्ष मोजली जाते.

स्मरणशक्तीच्या चाचणीत तर जुळवून घेण्याची कसोटी लागते. ‘हे वाक्य वाचा आणि तसे करा’ अशी सूचना असलेली पाश्चात्त्य चाचणी निरक्षर आजोबांना दिली, तर ती स्मृतिभ्रंश मोजत नाही, शाळेचा अभाव मोजते. हरयाणातील बल्लभगढ आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील संयुक्त अभ्यासासाठी १९९०च्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदी चाचणी तयार केली, तेव्हा ‘डोळे मिटा’ ही लेखी सूचना काढून टाकली. तिच्या जागी परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि ‘माझ्याकडे पाहून मी करतो तसे करा’ म्हणतो. एका ओळीचा बदल, पण तो करण्यासाठी दोन खंडांतील माणसांना एका टेबलाशी बसावे लागले.

आधारप्रसंग म्हणजे जादूची कांडी आहे असा प्रचार करणारेही भेटतात, म्हणून त्याची दोन गृहीतके सांगणे भाग आहे. माणूस स्वतःला आणि दुसऱ्याला एकाच मापाने मोजतो, हे पहिले. प्रत्येक प्रसंग सर्वांना सारखाच समजतो, हे दुसरे. सगळी घरे बैठी असलेल्या खेड्यात शांताबाईंच्या जिन्याला काय अर्थ? इंग्लंडमधील ज्येष्ठांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या क्षमतांशी ताडून पाहिले, तेव्हा या गृहीतकांना पूर्ण दुजोरा मिळाला नाही. शिवाय प्रत्येक प्रसंगाने मुलाखत लांबते आणि दमलेला माणूस शेवटी काहीही उत्तर देतो.

आता पुन्हा शिडीकडे. दहा युरोपीय देशांतील पन्नाशीपुढच्या लोकांच्या जीवनसमाधानाला २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधारप्रसंग लावून पाहण्यात आले. डेन्मार्क आणि इटली यांच्यासारख्या देशांतील तफावतीचा मोठा भाग फूटपट्टीचा निघाला आणि क्रमवारी बदलली. हे देश एकाच खंडातले, बऱ्याच अंशी सारख्या राहणीचे. आपला ११८ वा क्रमांक ज्या शिडीवरून निघाला, तिच्यासोबत ना शांताबाई असतात ना गणपतराव. तेव्हा नेपाळी माणूस आपल्यापेक्षा खरोखर अधिक समाधानी आहे, की त्याच्या शिडीच्या पायऱ्या जरा जवळजवळ आहेत, हे त्या एका आकड्यावरून सांगता येणार नाही.