आकाशवाणी : कलम 12 आणि कलम 23 यांच्या मधली जागा

जून 2023 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रातला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. पश्चिम महाराष्ट्रातून ओरड झाली आणि निर्णय स्थगित झाला. कोल्हापूरकरांसाठी हा लांबचा प्रश्न नव्हता. इथे 102.7 वर आपले केंद्र असले, तरी सकाळच्या ‘सात-दहाच्या बातम्या’ पुण्याच्याच. पण या प्रकरणातली खरी मेख वेगळी आहे. निर्णय आकाशवाणी चालवणाऱ्या, स्वायत्त म्हणवणाऱ्या ‘प्रसार भारती’ या महामंडळाचा होता आणि तो थांबला केंद्रीय मंत्र्यांच्या शब्दाने. निकाल श्रोत्यांच्या बाजूने लागला म्हणून ही गोष्ट नजरेआड करू नये.

रेडिओवर सरकारची मालकी आली ती तोट्यातून. मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले. ती तीन वर्षांत बुडाली आणि 1930 मध्ये सरकारने कारभार हाती घेतला. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव 1936 चे. स्वातंत्र्यानंतर ब्रीद आले ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. शाहू महाराजांच्या गावात ‘बहुजन’ हा शब्द नुसता शोभेचा राहत नाही, त्याचा हिशेब मागितला जातो.

तो हिशेब सर्वांत चोख दिला गेला 1956 मध्ये. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. कोल्हापूर त्या पाचांपैकी एक. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, गावातली पंधरा-वीस माणसे एकत्र बसून शेतीवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. प्रसारणाची उद्दिष्टे कायद्यात लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी ती इथल्या चावडीवर राबवली गेली होती, असे म्हणायला हरकत नाही. (त्याच दशकात चित्रपटगीतांवर जवळपास बंदी आली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. लोकांना काय आवडावे हे वरून ठरवण्याचा तो धडा पुरेसा बोलका आहे.)

आणीबाणीत रेडिओ सरकारचा भोंगा झाला. त्यामुळे 1977 नंतर स्वायत्ततेची मागणी जोर धरू लागली. एका कार्यगटाने 1978 मध्ये स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. पुढच्या वर्षी आलेले विधेयक शिफारशीपेक्षा बरेच आखडते होते आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर तेही बारगळले. प्रसार भारती कायदा झाला 1990 मध्ये, पण तो सात वर्षे कपाटात राहिला. मधल्या काळात, 1995 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. कायदा लागू झाला सप्टेंबर 1997 मध्ये.

सगळा गुंता ‘स्वायत्त’ या एका शब्दात आहे. कायद्याचे कलम 12 उद्दिष्टे सांगते. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन हे मुख्य कर्तव्य. त्याखालच्या यादीत देशाची एकता, अखंडता आणि राज्यघटनेतली मूल्ये पहिली. लगेच दुसऱ्या क्रमांकावर नागरिकाचा मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क, तोही विरोधी मतांसह आणि संस्थेने स्वतःचे कोणतेही मत न रेटता. शेती, आरोग्य, भाषा, स्त्रिया, मुले त्यानंतर. इतका स्वच्छ मजकूर आपल्या कायद्यांत फार ठिकाणी सापडत नाही. मग येते कलम 23. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी अमुक प्रसारित करा किंवा करू नका, असा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. त्यालाही अट आहे : आदेशाची प्रत संसदेपुढे ठेवायची. म्हणजे हस्तक्षेप करायचा तर उघडपणे, असा त्या कलमाचा अर्थ.

पण तोंडी सूचनेला संसदेपुढे ठेवायची प्रत नसते. पगार सरकारी अनुदानातून होतो. 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत भरती झालेले कर्मचारी तर दुरुस्तीनंतर सरकारी नोकरच मानले गेले आहेत, महामंडळात प्रतिनियुक्तीवर असलेले. अशा घरात कलम 23 वापरण्याची वेळ तरी कशाला येईल?

एरवी ही चर्चा दिल्लीपुरती राहिली असती. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यामुळे कोल्हापुरात खासगी वाहिन्या आल्या तरी रेडिओवरच्या बातमीची जबाबदारी एकट्या आकाशवाणीवरच राहिली. ऑगस्ट 2019 च्या पुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी केव्हाच मागे टाकली, महामार्ग बंद पडला, गावे तुटली, वीज गेली. अशा वेळी चार्जिंग संपलेला मोबाइल निरुपयोगी ठरतो आणि सेलवर चालणारा रेडिओ बोलत राहतो. त्या रात्री शिरोळच्या माणसाला पाणी किती चढले हे कोणी सांगायचे, याचे उत्तर कलम 12 मध्ये आहे. पुणे केंद्राबाबतचा निर्णय मात्र स्थगितच आहे, असे 2023 मध्ये सांगितले गेले. रद्द झाला, असे नव्हे.