चाळीसगावला बदलणारी भाषा

पुण्याहून जळगावकडे येणाऱ्या गाडीत मनमाड मागे पडलं की डब्यातला आवाज बदलायला लागतो. चाळीसगाव येईपर्यंत ‘काय करतोय?’चं ‘काय करी ऱ्हायना?’ झालेलं असतं. गेल्या श्रावणात माझा मावसभाऊ अशाच गाडीनं कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या, सणासाठी घरी आला. हिंजवडीत नोकरी, वय बत्तीस, दिवसभर मीटिंगमध्ये इंग्रजी. रात्री कानबाईसमोर बायकांची गाणी रंगली होती आणि आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो होतो. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “ताई, माले समजत नई, खरा मी कोनता?”

ऑफिसात आईचा फोन आला की तो उठून खिडकीपाशी जातो आणि बारीक आवाजात अहिराणी बोलतो. गावात पारावर बसला की तोंडून एखादं इंग्रजी वाक्य निसटलं तरी ओशाळतो. दोन्हीकडे आपण सोंग करतोय असं त्याला वाटतं.

मी जळगावात बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, आणि तोही तास संपल्यावर, वर्ग रिकामा झाल्यावर. कुणी सातपुड्यातल्या पाड्यावरून होस्टेलला आलेला असे, कुणी लग्न ठरलेली मुलगी असे. ‘स्वतःशी प्रामाणिक राहा’ असं काहीतरी मी तेव्हा सांगायचे. ते उत्तर अपुरं होतं.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी की भावाचा त्रास खरा आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत डोनाह्यू आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एक साधं काम दिलं. मुलगा किंवा मुलगी म्हणून, मित्र म्हणून, जोडीदार म्हणून, विद्यार्थी म्हणून आणि नोकरीत तुम्ही कसे असता, ते त्याच त्या स्वभावविशेषांवर गुण देऊन सांगा. काहींचे गुण सगळीकडे जवळपास सारखे आले. काहींचे इतके बदलले की पाच वेगळी माणसं वाटावीत. ज्यांच्यात हा फरक मोठा होता त्यांच्यात नैराश्य आणि चिंता जास्त दिसली, आत्मसन्मान कमी. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा एका मोजणीवरून ठरत नाही. मन खचलेलं असलं की माणूस आपोआप तुकड्यांत वागू लागतो, असंही असू शकेल.

चार वर्षांनी शेल्डन आणि रायन यांच्या गटानं आणखी एक प्रश्न जोडला: या भूमिकेत तुम्हाला आपण आपलेच वाटतो का? ज्या भूमिकेत माणसाला आपलेपणा वाटत होता, तिथे तो अधिक मोकळा आणि समाधानी होता. पुढे २००२ मध्ये यूनकुक सुह यांनी कोरियन आणि अमेरिकन विद्यार्थ्यांची तुलना केली. सगळीकडे सारखं वागणं आणि समाधान यांचा संबंध कोरियात बराच सैल निघाला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. आजोबांसमोर, शेतात आणि शाळेत वेगवेगळं बोलायला आपण लहानपणीच शिकतो. त्या शिकण्याला खोटेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

उलट अनेक भूमिका असण्याचा फायदाही होऊ शकतो. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात. ज्या शेतकऱ्याची सगळी ओळख त्या बागेतच आहे, त्याचं बागेबरोबर सगळंच आडवं होतं. तोच जर भजनी मंडळात मृदंग वाजवत असेल, पुतणीला गणित शिकवत असेल, तर एक कोपरा उभा राहतो. पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८५ आणि १९८७ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा ती खूप गाजली. नंतरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज केल्यावर आधार मात्र कमकुवत निघाला. नुसती भूमिकांची संख्या पुरत नाही, असं मी त्यावरून समजते. अनेक खोल्यांचं घर चांगलंच, पण मधली दारं कायमची बंद असतील तर एका खोलीत आजारी पडलेल्याला दुसरीतून पाणीही मिळणार नाही.

मग या खोल्या जोडतं कोण? मेंदूत ‘मी’ नावाची एखादी जागा सापडलेली नाही. स्वतःबद्दल विचार करताना कपाळामागचा मधला भाग अधिक सक्रिय होतो हे स्कॅनमध्ये दिसतं, पण काम अनेक भागांत वाटलेलं असतं. ही जोडणी कशी चालते, ते एका विलक्षण प्रयोगात दिसलं. तीव्र फिट्स थांबवण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूचे डावा-उजवा अर्धभाग जोडणारा जाड पट्टा कापला जाई. अशा रुग्णांवरच्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी मायकेल गझॅनिगा यांनी अशाच एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फानं झाकलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. डावा मेंदू उजवा हात चालवतो आणि उजवा मेंदू डावा. उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्या हातानं बर्फ उपसायचं फावडं. फावडं का, असं विचारल्यावर रुग्ण सहज म्हणाला की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला ते लागतं. बोलतो डावा मेंदू. त्यानं बर्फ पाहिलाच नव्हता. हातात जेवढं होतं त्यातून त्यानं क्षणात गोष्ट जुळवली आणि ती त्याला खरी वाटली.

तुमच्या-माझ्या डोक्यातही हा गोष्ट जुळवणारा अखंड बसलेला आहे. ‘मी एकच माणूस आहे’ ही भावना बऱ्याच अंशी त्याचीच करामत. त्याच्याकडे माल अपुरा असेल तर तो काहीही जुळवतो: ‘मी ढोंगी आहे’, ‘मी कुठलाच नाही’. म्हणून भावाला मी म्हटलं, खरा कोणता हे शोधणं जरा बाजूला ठेव, आधी त्या गोष्ट जुळवणाऱ्याला भरपूर माल दे.

हा माल कसला? कॅनडात के. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक रुग्ण होता. १९८१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला इजा झाली आणि आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवेना, ना अपघाताआधीचा, ना नंतरचा. तरी आपला स्वभाव कसा आहे हे तो सांगू शकत होता, आणि त्याचं उत्तर त्याच्या आईच्या उत्तराशी जुळत होतं. एंडेल टल्व्हिंग यांनी या रुग्णावरून दाखवलं की स्वभावाचं ज्ञान आणि प्रसंगांची आठवण या मेंदूत बऱ्याच स्वतंत्र गोष्टी आहेत. आपल्या बाबतीत दोन्ही शाबूत असतात, पण त्यांची गाठ नेहमी पडतेच असं नाही. ‘मी भित्रा आहे’ हे वाक्य डोक्यात वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि आपण कोणत्या दिवशी, कुणासमोर भ्यायलो होतो, हे कधी तपासलं जात नाही.

भावाला मी वहीचं एक पान आडवं धरायला लावलं. वर रकाने पाडले: आईचा मुलगा, गावातला मित्र, ऑफिसातला सहकारी, नवरा, आणि एकटा असताना. प्रत्येक रकान्यात आपलं वर्णन करणारे चार-पाच शब्द लिहायचे आणि प्रत्येक शब्दापुढे एक घडलेला प्रसंग. प्रसंग नसेल तर शब्द खोडायचा. ही अट माझी आहे, कुठल्या प्रयोगातली नाही, पण के. सी.ची गोष्ट वाचल्यापासून मी ती सोडलेली नाही. ‘ऑफिसात मी आत्मविश्वासू’ हा शब्द त्यानं खोडला, कारण प्रसंग सुचेना. पण दोन वेगळ्या रकान्यांत त्याच्याही नकळत एकच गोष्ट आली. गावात मित्राच्या कापसाच्या पट्टीतली वजनाची चूक त्यानं व्यापाऱ्यासमोर दाखवून दिली होती. ऑफिसात ग्राहकाला गेलेल्या चुकीच्या बिलाबद्दल साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. भाषा वेगळी, कपडे वेगळे, काम तेच. तो त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिला.

लिहिताना भाषा कोणती, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही. खानदेशात तर तो आधी विचारायला हवा. व्हिओरिका मारियन आणि उलरिक नायसर यांनी २००० मध्ये अमेरिकेत आलेल्या रशियन भाषकांना काही शब्द देऊन आठवणी सांगायला लावल्या. मुलाखत रशियनमध्ये झाली की रशियन बोलत जगलेल्या काळातल्या आठवणी जास्त आल्या, इंग्रजीत झाली की इंग्रजीतल्या. आठवण ज्या भाषेत साठते, त्या भाषेत ती लवकर हाती लागते. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जण अहिराणीत घडलेलं बालपण प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत आठवायचा प्रयत्न करतात आणि हाताला थोडंच लागतं. २०११ च्या जनगणनेत आपली भाषा खानदेशी (अहिराणी त्यातच मोजली जाते) म्हणून नोंदली गेलेल्यांची संख्या १८ लाखांहून अधिक होती. तरी अहिराणीत डायरी लिहिणारा विद्यार्थी माझ्या पाहण्यात विरळाच. शाळेत या बोलीवरून हसल्याचा हा परिणाम आहे आणि मला त्याचा आजही राग येतो. व्याकरणाची काळजी न करता, जे ज्या भाषेत घडलं ते त्याच भाषेत लिहा. अहिराणी, तावडी, भिल्ली, पावरी, जी असेल ती.

किती लिहायचं? जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या अवघड घटनेबद्दल लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या अनेक प्रयोगांत सरासरी फायदा छोटा निघाला, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. आणि जी जखम उघडताना हात कापतात, ती एकट्यानं उघडू नये. समुपदेशक जवळ नसेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. वेळेचे तुकडेच आठवत नसतील, आपण केलेली कामं आपल्याला परकी वाटत असतील, तर तो या लेखाचा विषय राहत नाही. तिथे मनोविकारतज्ज्ञालाच भेटायला हवं.

एक लहानशी युक्तीही सांगते. ईथन क्रॉस यांच्या गटाच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाच्या तयारीत घाबरलेल्या लोकांपैकी काहींना स्वतःशी ‘मी’ न म्हणता स्वतःच्या नावानं बोलायला सांगितलं. त्यांचा ताण कमी झाला आणि नंतर मनाला लावून घेणंही कमी झालं. आमच्या आबांना ही सवय होती. विहिरीवरची मोटर बंद पडली की ते स्वतःला नावानं हाक मारून ‘दम धर’ म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो.

पण गोष्ट जुळवणाऱ्याला लागणारा सगळाच माल आपल्या डोक्यात नसतो, बराचसा घरातल्या इतरांकडे असतो. अमेरिकेत मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची यादी केली. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडिलांची भेट कशी झाली, घरावर कोणतं संकट आलं होतं, तुझं नाव कुणी ठेवलं, अशा धर्तीचे प्रश्न. ज्या मुलांना उत्तरं जास्त माहीत होती त्यांचा आत्मसन्मान आणि ‘माझं आयुष्य माझ्या हातात आहे’ ही भावना जास्त होती. नुसती यादी पाठ करून घेतली तर हा फायदा होणार नाही, हे उघड आहे. उत्तरं माहीत होतात ती अनेक संध्याकाळी एकत्र जेवल्यामुळे, आणि खरी किंमत त्या संध्याकाळींची असावी.

आपली यादी आपण करावी. बहात्तरच्या दुष्काळात घरातलं कोण खडी फोडायला गेलं? दुष्काळात वाटलेली सुकडी कुणी खाल्ली? विहीर कुणी खणली, पाणी किती हातांवर लागलं? सुरतेला पहिल्यांदा कोण गेलं आणि का परत आलं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या आत्या-मावश्या झोक्याजवळ बसून हे सगळं सांगत असतात, फक्त आपण तेव्हा मोबाइलमध्ये असतो. घराच्या पडतीचा भाग वगळून विचारू नका. घर कसं बसलं आणि कसं पुन्हा उभं राहिलं, हे दोन्ही ऐकलेल्या मुलाला स्वतःच्या पडण्याची जागा त्या गोष्टीत सापडते.

बंद दारं उघडायचा माझ्या मते सगळ्यात सोपा रस्ता माणसांचाच आहे. भावानं थंडीत ऑफिसातल्या दोन मित्रांना गावी भरीत पार्टीला आणलं. शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून ठेचली, वर कळण्याच्या भाकरी. मित्रांसमोर त्याला नानांशी अहिराणीतच बोलावं लागलं आणि नानांसमोर मित्रांशी इंग्रजीत. पहिला तासभर त्याला कसंनुसं झालं, असं तो म्हणाला. नंतर नानाच मित्रांना विचारायला लागले की हा तिकडे काम करतो की नाही.

वही त्यानं पुण्याला नेली. वीस प्रश्नांची त्यानं स्वतः केलेली यादी मला फोटो काढून पाठवली, त्यात सहा जागा कोऱ्या होत्या. परवा मावशीचा फोन आला. सकाळी अकरा वाजता, ऑफिसच्या जागेवरूनच, मागे माणसांचा आवाज येत असताना पोरानं विचारलं म्हणे, “माय, आजीनं माहेर कोनतं व्हतं?” मावशी पंचवीस मिनिटं बोलत होती, तापीकाठच्या त्या गावाबद्दल, तिथल्या नावेबद्दल आणि पुरात वाहून गेलेल्या गोठ्याबद्दल.