तेरा राज्ये आणि एक रिकामी तिजोरी

21 जून 1783 रोजी फिलाडेल्फियातल्या राज्यसभागृहाला सुमारे चारशे सशस्त्र शिपायांनी वेढा घातला. सात वर्षांपूर्वी याच इमारतीत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला होता. शिपाई ब्रिटिशांचे नव्हते. ते अमेरिकेच्याच फौजेतले होते, लढाई जिंकून बसलेले, आणि त्यांचा पगार थकला होता. आत बसलेल्या काँग्रेसने, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, पेन्सिल्व्हेनिया राज्याकडे संरक्षणासाठी शिबंदी मागितली. राज्याने हात वर केले. शेवटी काँग्रेसलाच शहर सोडून न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन या गावी मुक्काम हलवावा लागला.

4 जुलै 2026 ही जाहीरनाम्याची अडीचशेवी वर्षपूर्ती. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत 1776 नंतर एकदम जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होतात. मधली तेरा वर्षे गळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटतात. त्या काळात अमेरिकेला सरकार होते, पण त्या सरकारला एक पैसाही कर बसवता येत नव्हता. ही कमतरता अनवधानाने राहिलेली नव्हती, लोकांनी ती जाणूनबुजून ठेवली होती. का, ते समजून घ्यायला पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

कोलंबस 1492 मध्ये हिंदुस्थानच्या शोधात निघाला आणि बहामा बेटांवर पोचला, हे सर्वांना ठाऊक आहे. स्पेनने पुढच्या काही दशकांत मेक्सिको आणि पेरू जिंकले, 1565 मध्ये फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन वसवले. इंग्रज उशिरा आले. रोआनोक बेटावरची त्यांची वसाहत अशी नाहीशी झाली की 1590 मध्ये परतलेल्या जहाजाला तिथे एकही माणूस सापडला नाही. टिकली ती मे 1607 मध्ये उभी राहिलेली जेम्सटाउन, आणि ती राजाने नव्हे, लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने भागभांडवलावर वसवली. या कंपनीचा कारभार बरीच वर्षे पाहणारे सर थॉमस स्मिथ हेच ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर. सुरतेला वखार घालणाऱ्या आणि व्हर्जिनियात माणसे पाठवणाऱ्या या दोन्ही कंपन्यांची सूत्रे एकाच वेळी एकाच व्यापाऱ्याच्या हाती होती.

व्हर्जिनियात सोने निघाले नाही. 1609-10 च्या हिवाळ्यात तिथल्या मूळ रहिवासी पोव्हाटन लोकांशी वैर झाले, धान्य संपले आणि पाचशेच्या आसपास वसाहतकऱ्यांपैकी साठेकच वाचले. पुढे तंबाखूने वसाहत तगली. तंबाखूला जमीन लागते, ती मूळ रहिवाशांकडून हिसकावली गेली. तंबाखूला राबणारे हातही लागतात. 1619 च्या जुलैअखेर जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वसाहतकऱ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली, आणि महिनाभरात वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदी घेऊन एक जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागले. प्रातिनिधिक राज्यकारभार आणि माणसांची खरेदी-विक्री, दोन्ही एकाच उन्हाळ्यात त्या मातीत रुजली.

1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेले धर्मनिष्ठ लोक, मग मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, पेन्सिल्व्हेनिया, आणि 1733 मध्ये जॉर्जिया. अशा तेरा वसाहती झाल्या. प्रत्येकीचा पंथ, पीक आणि सनद वेगळी होती. एक गोष्ट मात्र जवळपास सगळीकडे सारखी: कर बसवायचा तो स्थानिक प्रतिनिधिसभेने. कित्येक ठिकाणी राजाने नेमलेल्या गव्हर्नरचा पगारसुद्धा सभेच्या मंजुरीवर चाले. तिजोरीची किल्ली आपल्या हाती असली की राजाच्या माणसालाही आपल्या दारी यावे लागते, हा धडा वसाहतींनी दीडशे वर्षे गिरवला.

त्या सवयीला पहिला धक्का सात वर्षांच्या युद्धानंतर बसला. 1763 मध्ये ब्रिटनने फ्रान्सला उत्तर अमेरिकेतून हुसकावले, पण या युद्धापायी त्याचे राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट झाले होते. त्याच वर्षी राजाने फर्मान काढून ॲपलाचियन पर्वताच्या पश्चिमेला वस्ती करायला मनाई केली. 1765 मध्ये मुद्रांक कायदा आला: वर्तमानपत्रे, खरेदीखते, परवाने, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही कर. रक्कम फार मोठी नव्हती. पण तो लंडनच्या पार्लमेंटने बसवला होता आणि तिथे वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. कायदा वर्षभरात मागे घ्यावा लागला. मात्र त्याच दिवसांत पार्लमेंटने ठणकावून सांगितले की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा हक्क आपलाच आहे. तिढा तिथेच पडला.

चहाच्या प्रकरणात हिंदुस्थानचा धागा येतो. 1769-70 च्या भीषण दुष्काळाने बंगाल उजाड झाला होता. तरी वसुली सोडली नाही अशी ईस्ट इंडिया कंपनी आता स्वतःच कर्जात बुडाली होती, आणि लंडनच्या गोदामांत तिचा चिनी चहा पडून होता. 1773 मध्ये पार्लमेंटने तिला सावरायला दोन कायदे केले. एक आपल्या इतिहासात येतो तो रेग्युलेटिंग ॲक्ट, ज्यामुळे वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाले. दुसरा चहाचा कायदा, ज्यामुळे कंपनीला तिचा चहा थेट अमेरिकेत स्वस्तात विकता येणार होता. स्वस्त असला तरी त्यावर पौंडभर वजनामागे तीन पेन्सचा जुना कर होता. तो भरणे म्हणजे पार्लमेंटचा हक्क मान्य करणे. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री बोस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरच्या सुमारे 340 पेट्या फोडून चहा समुद्रात ओतला गेला. शिक्षा म्हणून ब्रिटनने बंदरच बंद केले, मॅसॅच्युसेट्सची सनद कापली, आणि बाकीच्या वसाहतींच्या लक्षात आले की उद्या हीच वेळ आपल्यावर येईल.

पुढचा क्रम परिचित आहे. सप्टेंबर 1774 मध्ये पहिली काँग्रेस, 19 एप्रिल 1775 रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्डला गोळीबार, जानेवारी 1776 मध्ये स्वातंत्र्याची मागणी करणारी टॉमस पेन यांची पुस्तिका. (हेच पेन, ज्यांच्या लेखनाचा ठसा पुढे महात्मा फुले यांच्यावर उमटला.) 2 जुलैला स्वातंत्र्याचा ठराव, 4 जुलैला जाहीरनामा. मसुदा 33 वर्षांच्या टॉमस जेफरसन यांचा. त्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा उतारा होता, काँग्रेसने तो काढून टाकला. सगळी माणसे समान जन्मतात असे लिहिणारे जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. हे बाजूला ठेवून तो जाहीरनामा वाचणे मला कधी जमले नाही.

हे युद्ध आपल्या दारापर्यंतही आले होते. 1777 मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांच्या भेटीला आला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. 1778 मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला. जानेवारी 1779 मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना तहावर सही करायला लावली. तेव्हा ब्रिटन एकाच वेळी दोन खंडांत अडकला होता. फिलाडेल्फियात एका लढाऊ जहाजाला म्हैसूरच्या हैदर अलीचे नाव दिले गेले होते. आणि 19 ऑक्टोबर 1781 रोजी यॉर्कटाउनला ज्यांची फौज शरण आली ते लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांत कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आले.

3 सप्टेंबर 1783 च्या पॅरिसच्या तहाने मिसिसिपीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला मिळाला. त्या मुलखात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांपैकी कुणालाही त्या तहासाठी बोलावलेले नव्हते.

देश जिंकला, पण तो चालवायचा कुणी? 1777 मध्ये मंजूर झालेली आणि मेरीलँडच्या हट्टामुळे 1 मार्च 1781 ला अमलात आलेली महासंघाची कलमे हीच अमेरिकेची पहिली राज्यघटना. लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला एक मत. वेगळा राष्ट्रप्रमुख नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नाही. महत्त्वाच्या निर्णयाला तेरापैकी नऊ राज्ये हवीत आणि कलमांत बदल करायचा तर तेराच्या तेरा. कर बसवण्याचा अधिकार नाही, काँग्रेसने राज्यांकडे फक्त मागणी करायची. दूरच्या पार्लमेंटशी कर-हक्कावरून लढलेले लोक तोच हक्क दुसऱ्या एका दूरच्या सभेला कसा देतील? त्यांची भीती मला पटते. पण परिणाम व्हायचा तो झाला. बारभाईची खेती म्हणतात तशी ही तेरा भावांची खेती. युद्धात भरमसाट छापलेली कागदी नोट कवडीमोल झाली होती, फ्रान्सच्या कर्जाचे व्याज थकले, राज्ये मागणीच्या मानाने अगदी थोडे पैसे पाठवू लागली. आयातीवर पाच टक्के कर घ्यावा असा तोडगा निघाला, तर 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि तो बारगळला. पुढच्या प्रस्तावाला 1786 मध्ये न्यूयॉर्कने खोडा घातला. तहात ठरूनही ब्रिटनने पश्चिमेचे किल्ले सोडले नाहीत, आणि काँग्रेस त्याला काही करू शकली नाही.

सामान्य माणसाचे हाल वेगळेच होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपले युद्धकर्ज फेडायला रोखीत कर वसूल करायला सुरुवात केली. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे रोकड नव्हती. यांतले कित्येक जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, पगाराच्या बदल्यात मिळालेले कागद मिळेल त्या भावाने विकून बसलेले. आता जमिनींवर जप्ती आणि कर्जासाठी तुरुंग. 1786 मध्ये त्यांनी न्यायालये बंद पाडली. डॅनियल शेज हा जुना कप्तान त्यांचा एक म्होरक्या. 25 जानेवारी 1787 रोजी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफा डागल्या गेल्या आणि चार जण मेले. हे बंड मोडायला राष्ट्राकडे फौज नव्हती, बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून ती उभी केली. सावकार-शेतकऱ्याचा असा संघर्ष ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना शेजच्या माणसांना नुसते बंडखोर म्हणणे जड जाईल.

या धास्तीनेच 25 मे 1787 पासून फिलाडेल्फियात, त्याच इमारतीत, 55 प्रतिनिधी जमले. काम जुनी कलमे दुरुस्त करण्याचे होते, त्यांनी नवी घटनाच लिहिली. एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, प्रत्येक राज्याला समान. लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. हे प्रमाण 1783 मध्ये राज्यांवर पैशांचा वाटा ठरवण्यासाठी सुचवले गेले होते. आता त्यातूनच गुलाममालक राज्यांना जादा जागा मिळाल्या. आणि पहिल्याच कलमात काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार आला. 17 सप्टेंबरला 39 जणांनी सह्या केल्या.

वॉशिंग्टन यांनी 30 एप्रिल 1789 रोजी न्यूयॉर्कमध्ये शपथ घेतली. नव्या काँग्रेसच्या पहिल्या कायद्यांपैकी एक आयात कराचा होता, त्यावर त्यांची सही झाली ती 4 जुलै 1789 ला. पुढच्या वर्षी पहिली जनगणना झाली: सुमारे 39 लाख माणसे, त्यांत जवळपास सात लाख गुलाम. मूळ रहिवासी बहुतांशी मोजलेच नव्हते.

ऱ्होड आयलंडने नवी घटना अजून मान्य केली नव्हती, ते बाहेरच होते. पाच टक्क्यांचा कर पाडणाऱ्या या राज्याने फिलाडेल्फियाला एकही प्रतिनिधी पाठवला नव्हता. मे 1790 मध्ये सिनेटने त्याच्याशी व्यापार तोडण्याचे विधेयक मंजूर केले. म्हणजे परदेशासारखी वागणूक. मग 29 मे रोजी तिथल्या सभेत मतदान झाले आणि तेरावे राज्य आत आले, 34 विरुद्ध 32 मतांनी.