न्याय्य मूल्यमापन : पद्धतींची निवड आणि रचना

विद्यार्थ्याला मिळालेले गुण त्याच्या शिकण्याचेच आहेत, हस्ताक्षर, घरची बोली, शाळेचे नाव किंवा तपासणाऱ्याचा त्या दिवसाचा कंटाळा यांचे नाहीत, अशी खात्री देता येईल अशा रीतीने मूल्यमापनाची पद्धत निवडणे, प्रश्न रचणे आणि गुण देणे, याला न्याय्य मूल्यमापन म्हणतात. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका आणि एकच वेळ दिली की न्याय झाला, असा सर्वसाधारण समज आहे. नाशिक जिल्ह्यात तो फार काळ टिकत नाही. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बागलाण, देवळा, मालेगाव या भागांत घरोघरी अहिराणी आहे, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर कोकणा बोली आहे आणि मालेगाव शहरात उर्दू माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. एकच प्रश्न या सगळ्यांच्या पुढ्यात ठेवला, तरी तो सगळ्यांना सारखाच अवघड जात नाही.

पद्धत निवडताना आधी उद्दिष्ट पाहावे लागते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली बोधात्मक, म्हणजे जाणण्या-विचार करण्याशी निगडित, उद्दिष्टांची जी उतरंड मांडली, तिच्यातले ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द आज डी.एड., बी.एड.च्या प्रत्येक पाठ टाचणात असतात. उद्दिष्ट उपयोजनाचे आणि प्रश्न मात्र ‘व्याख्या लिहा’ असा, हा प्रकार तरीही थांबलेला नाही. विद्युत परिपथ जोडता येणे हे उद्दिष्ट असेल, तर हातात वायर, बल्ब आणि सेल द्यावेच लागतात. रिकाम्या जागा भरून ते कळत नाही. जे मोजायचे तेच मोजले जाते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न. आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या परीक्षकाकडूनही तेवढेच गुण मिळतील का, हा विश्वसनीयतेचा. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली अमेरिकेत इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा गुणांत मोठी तफावत निघाली. भाषेचे असेच व्हायचे, असे म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तफावत आणखी वाढली. बहुपर्यायी प्रश्नांत हा दोष जवळपास नसतो, पण मुलाला स्वतःचे चार ओळींचे उत्तर उभे करता येते का, हे त्यांतून कळत नाही. म्हणून कोणत्याही एकाच साधनावर वर्षभराचा निकाल बेतणे अन्यायाचे ठरते.

प्रश्नपत्रिकेपूर्वी संविधान तक्ता करावा, असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. कोणत्या घटकाला किती गुण, त्यांतले किती आकलनाला, किती उपयोजनाला, प्रश्न कोणत्या प्रकारचे, हे त्यात मांडलेले असते. व्यवहारात पुष्कळदा प्रश्नपत्रिका आधी तयार होते आणि तक्ता नंतर फायलीसाठी भरला जातो. त्याचा परिणाम मुलांना भोगावा लागतो : शिकवायला तीन आठवडे लागलेला घटक दोन गुणांत उरकतो आणि एका तासात संपलेल्या घटकावर दहा गुण येतात.

रचनेतील अन्याय कुठून शिरतो, हे एका प्रश्नावरून पाहता येईल. ‘चाळीत साठवलेल्या कांद्याचे वजन का घटते? (३ गुण)’ हा प्रश्न जिल्ह्याच्या मातीतला वाटतो, आणि परिसराशी नाते जोडणारा म्हणून त्याचे कौतुकही होईल. चांदवड-येवल्याच्या मुलाने कांदा चाळ घरी पाहिलेली असते. लाकडी पट्ट्यांच्या भिंतींतून वारा का खेळता ठेवतात, हे त्याला वडिलांच्या बोलण्यातून माहीत असते. मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला ‘चाळ’ म्हणजे राहण्याची खोल्यांची ओळ. तिला बाष्पीभवन उत्तम येत असले, तरी ती पहिल्याच शब्दाला अडखळते. प्रश्न टाकून देण्याची गरज नाही. ‘कांदे साठवण्यासाठी हवा खेळती राहील अशी शेड बांधतात, तिला कांदा चाळ म्हणतात’ एवढे एक वाक्य आणि शेजारी साधे चित्र दिले, की दोघेही एका रेषेवर येतात. स्थानिक संदर्भ आपोआप न्याय्य होत नाही. तो कोणासाठी स्थानिक आहे, हे विचारावे लागते.

पुढचा अन्याय गुणदानात होतो. याच प्रश्नाची उत्तरसूची आधी ठरवली, तर ती अशी असेल : पाणी बाष्परूपाने निघून जाते, १ गुण, साठवणीतही कांदा जिवंत असतो, त्याचे श्वसन चालू राहते व त्यात साठलेले अन्न वापरले जाते, १ गुण, काही कांदे सडतात, म्हणून ते निवडून काढावे लागतात, १ गुण. आता एखाद्याने अहिराणीत ‘कांदानं पानी उडी जास’ असे लिहिले, तर पहिला गुण द्यायचा की नाही? विज्ञानाच्या पेपरात तो पूर्ण द्यायला हवा, कारण मुद्दा बरोबर आहे आणि तपासायचे विज्ञान आहे. मराठीच्या पेपरात प्रमाण लेखन हेच उद्दिष्ट असेल, तर तिथला हिशेब वेगळा. उत्तरसूचीत हे आधीच लिहिलेले नसेल, तर एक परीक्षक गुण देतो, दुसरा कापतो आणि दोघांनाही आपण काटेकोर असल्याचे समाधान असते. सर्व उत्तरपत्रिकांतला एकच प्रश्न सलग तपासणे, नाव झाकणे, पहिल्या काही उत्तरपत्रिका दोघांनी तपासून गुण जुळवून पाहणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत आणि शाळेच्या पातळीवर क्वचितच होतात.

अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा पद्धतीत योग्य फेरबदल, जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद करावी लागते. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. ही सवलत म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती मोजमापातली चूक दुरुस्त करते.

शिक्षण हक्क कायद्याला अनुसरून महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात आकारिक (शिकताना वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) असे दोन भाग आहेत. पहिली-दुसरीला त्यांचे प्रमाण ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५० आणि सातवी-आठवीला ४०:६० असे ठरले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आकारिक साधने आहेत. कल्पना उत्तम, अंमल विषम. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, म्हणजे ‘वर्गात लक्ष देतो’, ‘उपक्रमात सहभाग घेतो’ अशी तीच वाक्ये रजिस्टरभर उतरतात. प्रकल्पाचे गुण तर अनेकदा स्टेशनरीच्या दुकानातल्या तयार चार्टला आणि घरच्यांच्या मेहनतीला पडतात. काम वर्गातच, समोर करून घेतले, तर हा दोष बराच कमी होतो. केंद्रीय कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यावर राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व नापासांना पुनर्परीक्षा आणली.

पद्धत बदलली की निकाल किती हलतो, हे दहावीच्या आकड्यांत उघड दिसते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढल्यावर २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला; ते गुण परत दिल्यावर २०२० साली ९५.३० टक्के झाला. कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली, तेव्हा २०२१ साली नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षभरातील अंतर्गत मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० असे भारांश धरले गेले, निकाल ९९.९५ टक्के लागला. मुले एका वर्षात एवढी ढ किंवा एवढी हुशार होत नाहीत. अंतर्गत गुण सरसकट वीसपैकी वीस देणे दयाळूपणाचे वाटते, पण ज्या शाळेने प्रामाणिकपणे चौदा दिले, तिच्या मुलांवर अकरावी प्रवेशात त्याने अन्यायच होतो.

कौशल्यांच्या मूल्यमापनाचा वेगळा मार्ग वैद्यकीय शिक्षणाने दाखवला. म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) क्षेत्र हेच. पूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सोपा रुग्ण यायचा, दुसऱ्याच्या वाट्याला गुंतागुंतीचा. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथून मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी ठरावीक मिनिटांसाठी एकेका स्टेशनवर जातात : एकीकडे रक्तदाब मोजायचा, दुसरीकडे रुग्णाशी बोलायचे, तिसरीकडे क्ष-किरण चित्र वाचायचे. घंटा वाजली की पुढे. प्रत्येकाला तीच कामे आणि परीक्षकाच्या हातात तीच पडताळा सूची. रुग्ण तुकड्यातुकड्यांत पाहिला जातो, हा तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. तरी नशिबाचा वाटा तिने खूप कमी केला. गोवर्धन येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (१९८९) प्रवेशाचाच न्याय वेगळा मांडला : बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे जाण्याची वाट त्याने खुली केली. मात्र दुरून शिकणाऱ्याचा स्वाध्याय त्यानेच लिहिला का, ही अडचण तिथे कायम राहते.

वेळापत्रक हाही रचनेचाच भाग आहे. पेठ-सुरगाण्यातील अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. त्या काळातली चाचणी बुडाली म्हणून शून्य लिहिणे म्हणजे शिकण्याऐवजी हजेरी मोजणे. शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेत दाखवण्यासाठी दिले जाणारे कार्ड) मुलाच्या आकारिक नोंदींची प्रत पुढच्या शाळेला दिली आणि परतल्यावर त्याच घटकांची समकक्ष, वेगळ्या प्रश्नांची चाचणी घेतली, तर नोंद तुटत नाही. निकालावर दाद मागण्याची सोयही याच विषयात मोडते. दहावी-बारावीच्या गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचे राहिलेले प्रश्न एवढेच पाहिले जातात. उत्तर नव्याने तपासून हवे असेल, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. शाळांतर्गत परीक्षांसाठी अशी ठरलेली वाट बहुतेक ठिकाणी नाही. तपासलेला पेपर वर्गात वाटून, उत्तरसूची फळ्यावर लिहून मुलांना स्वतःचे गुण पडताळू देणारे शिक्षक ती आपापल्या परीने काढतात.